दमाचा हिशेब

हिमायतनगरला समुद्र येतो तो वाळून. बाजाराच्या दिवशी पोत्यावर सुकट-बोंबलाचे ढीग लागतात आणि त्यांचा वास ढिगाच्या आधी भेटतो. सुकट मापाने घ्यायची, तव्यावर कोरडी भाजायची, चोळून पाखडायची, मग लसूण-तिखटात परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. ती कुठल्या बंदरातून आली, कोणी पकडली, हे कुणी विचारत नाही. ओला मासा म्हणजे आमच्याकडे पैनगंगेचा नाहीतर तलावाचा. मरळ, वाम, रोहू, कतला. खारं पाणी बघायचं असेल तर नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी लागते.

अशा गावात माझा भाचा जेवणं झाली की लॅपटॉप उघडून समुद्रात बुडी मारतो. खेळाचं नाव ‘डेव्ह द डायव्हर’. दक्षिण कोरियातल्या मिंटरॉकेट या चमूने तो जून 2023 मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. डेव्ह हा सुटलेल्या पोटाचा, भिडस्त स्वभावाचा पाणबुड्या. दिवसा त्याने ‘ब्लू होल’ नावाच्या खोल निळ्या डोहात उतरून मासे धरायचे आणि संध्याकाळी तेच मासे काठावरच्या सुशीच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढायचे. सुशी करणारा बांचो हा काळ्या चष्म्याचा, मोजकं बोलणारा आचारी. तो आपल्या कामात गढलेला असतो आणि डेव्ह टेबलांमधून नुसता धावत असतो. कुणाला ग्रीन टी हवा, कुणाची बशी उचलायची, तेवढ्यात वसाबी संपलेली. चहा ओततानाही रेघेपर्यंतच ओतायचा.

हा खेळ ‘इंडी’, म्हणजे बड्या कंपनीच्या आधाराशिवाय छोट्या चमूने केलेला, की नाही यावर बरीच हुज्जत झाली. 2023 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला स्वतंत्र खेळांच्या गटात नामांकन मिळालं, पण मिंटरॉकेटच्या मागे नेक्सॉन ही बलाढ्य कंपनी उभी आहे. हमरस्त्यावरच्या चकचकीत हॉटेलाने ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावावी, तशातला हा प्रकार. पाटीचं काहीही असो, चव मात्र घरगुतीच आहे. पुढच्या वर्षी ‘बाफ्टा’ने खेळाच्या रचनेचा पुरस्कार त्यालाच दिला.

भाचा कधी कधी माझ्या हाती खेळ देतो आणि मागे उभा राहून ओरडतो, “मामा, हवा संपलाली की, वर या!” कारण या खेळात जीव आणि हवा एकच. शार्कने चावा घेतला की रक्त वाहत नाही, सिलिंडरमधली हवा कमी होते. वजनालाही मर्यादा आहे. ओझं फार झालं की डेव्हला पोहणं जड जातं. अजून एक मोठा मासा समोर दिसत असतो आणि आकडा तर खाली चाललेला. हवा पुरती संपली तर डेव्ह मरत नाही. त्याला वर काढतात, पण गोळा केलेल्यातली एकच वस्तू ठेवता येते. बाकी सगळं पाण्यात. हाव आणि दम यांचा असा रोखठोक हिशेब मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

रात्रीचा हिशेब निराळाच. किती ताटं करून ठेवायची हे आधी ठरवायचं. कमी केली तर गिऱ्हाईक रिकाम्या पोटी परत जातं, जास्त केली तर उरलेलं फेकावं लागतं. बसस्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. दुपारी गाड्या उशिरा आल्या तर भाजीचं काय करायचं, हा तिचा रोजचा प्रश्न. मासा कसा धरला यालाही खेळात किंमत आहे. बंदुकीने चाळणी केलेल्या माशाचं मांस कमी भरतं, जाळ्यात किंवा गुंगी देऊन जिवंत धरलेल्याचं जास्त. नदीत जिलेटिन फोडून मासे मारणाऱ्यांना हा एवढा धडा जरूर खेळायला द्यावा.

कापूस-सोयाबीनच्या या मुलखात हा खेळ गोड का लागतो, ते मला माझ्यापुरतं कळलं आहे. इथे जूनमध्ये पेरलेल्याचं काय झालं ते दिवाळीच्या आसपास कळतं आणि तेव्हाही भाव आपल्या हातात नसतो. डेव्हने दुपारी घाम गाळला की रात्री गल्ल्यात पैसे. कष्टाचा दाम त्याच दिवशी, तोही रोख. शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला याहून मोठी परीकथा कोणती सांगणार?

मात्र परीकथेतली खरी जादू गल्ल्यात नाही, पाण्यात आहे. आज कितीही उपसा, उद्या डोह पुन्हा माशांनी भरलेला. कमाई वाढली की डेव्ह मोठा सिलिंडर घेतो, ओझं पेलायची ताकद वाढवतो, आणखी खोल जातो. मर्यादा आहे ती फक्त माणसाला, आणि तीही पैसे देऊन मागे सरकवता येते. समुद्राला मर्यादाच नाही.

ज्या देशात हा खेळ घडला, तिथल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका याच्या उलट वागत आल्या. त्या सिलिंडर न लावता, नुसता श्वास रोखून, समुद्राच्या तळाशी शंखशिंपले वेचतात. त्यांच्या या परंपरेला युनेस्कोने 2016 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सिलिंडर आल्यानंतरही त्यांनी तो घेतला नाही, कारण दम आहे तेवढंच आणलं तर समुद्रात पुढच्या खेपेला काही शिल्लक राहतं. त्याच 2016 साली महाराष्ट्र सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. या जाळ्यांनी थवेच्या थवे एका फेरीत गोळा होतात, म्हणून रापण ओढणारे छोटे मच्छीमार कधीचे ओरडत होते. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लावून ठेवतात, तीही समुद्राला दम खाऊ देण्याचीच सोय.

पैनगंगेचा दम तर दरवर्षी डोळ्यांदेखत संपतो. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा असा कोसळतो की काठावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात त्याच नदीचं पात्र उघडं पडतं, उरतात ते डोह, आणि ईसापूर धरणातून पाणी सोडा म्हणून नदीकाठची गावं अर्ज-विनंत्या करत बसतात. आटत्या डोहात मासे धरणं सोपं, पण ते सगळे काढले तर पुढच्या पावसात वाढायला बी कुठून येणार? भोई मंडळींना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मी भाच्याला म्हटलं, “आज जेवढे मासे काढले तेवढे उद्या कमी मिळावेत, असं या खेळात पाहिजे होतं.” तो हसला. “मग खेळंल कोण मामा?” त्याचं चूक नाही. इतका अवघड खेळ पैसे मोजून कोण विकत घेईल? पैनगंगेच्या काठी मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि तिथे खेळणाऱ्याला सोपी पातळी निवडण्याची सोय नाही.