कालवण

डॉक्टर रेडिएशन म्हणतात. परळच्या फुटपाथवर, धर्मशाळेच्या जिन्यात, रांगेतल्या बाकावर सगळे शेकच म्हणतात. ‘तुमचे किती झाले?’ एवढं विचारलं की ओळख झाली. माझे ३० होते. आठवड्याला ५, शनिवार-रविवार सुटी. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा घेतलेला असतो. तो टेबलाला अडकवतात, यंत्र भोवती फिरतं, काही मिनिटांत मोकळे. दुखत काहीच नाही. शेक म्हटलं की मला आजीची फडक्यात गुंडाळलेली गरम वीट आठवायची. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलं, साधं पाणीही झोंबायला लागलं, आणि वीट विसरलो.

शेवटच्या शेकाला बायकोने पेढे वाटले. खरे हाल त्यानंतरचे दोन आठवडे झाले. गॅस बंद केला म्हणून तवा लगेच गार होत नाही. मान काळी पडली. डाव्या गालावर दाढी उगवेनाशी झाली, हा एक फायदाच म्हणायचा.

पाडव्यापर्यंत तोंड जरा निवलं होतं. कडुनिंबाचा पाला सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी करत खाल्ला. मी गवत चघळावं तसा चघळत बसलो. नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही किती शूर!”

चव पुढे हळूहळू परतली. लाळ आली नाही. कानांच्या पुढ्यात दोन मोठ्या लाळग्रंथी असतात. शेकाच्या वाटेत सापडल्या की सुकतात. हल्ली निदान दुसऱ्या बाजूची वाचवायला बघतात, म्हणून माझ्या तोंडात निदान चिकटा तरी आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ तयार होते म्हणे. तीस वर्षं तंबाखूचा बार भरून ती मी रस्त्यावर थुंकत आलो. आता रात्री जीभ टाळूला चिकटते, तीनदा उठून घोट घ्यावा लागतो.

आपल्या भाषेलाही तोंडात ओल लागते. चिंच पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, ते एक वेळ चालेल. पण थोरल्या भावाला पोचवून आलो, तेव्हा आवंढा गिळता येईना. बाटली काढून घोट घेतला. लोकांना वाटलं, याला तहान लागलीय.

ठेच्याशी कोरडी भाकरी खाणारा मी. कालवण मागणारे मला मिळमिळीत वाटायचे. आता बायको ताटात आधी कालवण वाढते आणि मग त्यात भाकरी कुस्करते. “अहो, बुडू द्या जरा,” म्हणते. मी थांबतो.

बाकी मग मीठ-सोड्याच्या गुळण्या, दातांना फ्लोराइड, आणि जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या. एकावर एक रचून दातांत धरायच्या. सुरुवातीला १४ मावायच्या.

यंदाच्या पाडव्याला पाला कडू लागला. मीही तोंड वाकडं केलं, तर नात हिरमुसली. काड्या पुरवायचं काम मात्र तिने सोडलेलं नाही. काल १९ मावल्या. विसाव्या काडीसाठी तिला आज आइस्क्रीम हवं आहे.