घडणावळीचा विमा

सराफाकडे दागिना मोडीस नेला म्हणजे तो सोन्याचें वजन करतो, घट वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचा त्या दिवसाचा भाव हातावर ठेवतो. नक्षीसाठीं आपण मोजलेल्या घडणावळीचा त्या हिशेबांत उल्लेखही होत नाहीं. घरांतील स्त्रियांस हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारीचा विमा उतरविणाऱ्या पुरुषांस तो ठाऊक असतोच असें नाहीं, हें इंग्लंडांत राहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या निमित्तानें आम्हांस कळून आलें.

या पुतण्यानें जपानांतून तिकडे आलेली निस्सान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर ही शर्यतीच्या धाटणीची मोटार घेतली. तिचा हा नमुना १९९९ ते २००२ या काळांत तयार होत असे. दोन्ही देशांत वाहनें रस्त्याच्या डावीकडून चालतात. त्यामुळें जपानी गाडी इंग्लंडांत सोईची पडते. तिचें इंजिन सहा सिलिंडरांचें व २.६ लिटरांचें असून त्यास दोन टर्बोचार्जर जोडलेले असतात. जपानी कारखानदारांनीं त्या काळीं आपसांत संकेत पाळला होता कीं, २८० अश्वशक्तीहून अधिक आंकडा जाहीर करावयाचा नाहीं. म्हणून कागदावर तेवढाच आंकडा दिसतो. आमच्या पुतण्यास तोही अपुरा वाटला. त्यानें टर्बोचार्जर मोठे बसविले, ब्रेक व स्प्रिंगा बदलल्या आणि गाडीच्या किंमतीच्या चौथा हिस्सा रक्कम त्यांत घातली. घराचें कर्ज डोक्यावर असतांना केलेल्या या उद्योगाविषयीं त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, काय म्हणाले तें येथें छापण्यासारखें नाहीं.

खरा प्रश्न पुढेंच होता. दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें सक्तीचा झाला. परंतु आपली गाडी जळाली किंवा चोरीस गेली तर काय मिळणार, हें ज्याच्या त्याच्या विमापत्रावर अवलंबून असतें. सामान्य विमापत्र बाजारभाव देतें. नुकसान होण्याच्या क्षणापूर्वीं तशा वयाची व तितकी चाललेली गाडी ज्या किंमतीस मिळाली असती, तो हा बाजारभाव. परदेशांतून आलेल्या दुर्मिळ गाडीचा भाव नेहमींच्या कोष्टकांत सांपडत नाहीं. आणि मागाहून केलेल्या फेरफारांची घडणावळ तर बहुधा धरलीच जात नाहीं. पुतण्याच्या एका स्नेह्याची अशीच गाडी चोरीस गेली. भरपाई साध्या गाडीच्या हिशेबानें आली. चार महिने पत्रव्यवहार चालला. गाडी गेली ती गेली, कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

यावर उपाय म्हणजे कबूल किंमतीचा विमा. गाडीचीं छायाचित्रें, प्रत्येक भागाच्या पावत्या आणि जाणकाराचा किंवा अशा गाड्यांच्या मालकांच्या संघाचा दाखला पाठवावयाचा. मग उभयपक्षीं ठरलेली रक्कम आरंभींच विमापत्रांत लिहिली जाते, आणि गाडी समूळ नष्ट झाल्यास, विमेदारानें स्वतः सोसावयाचा भाग वगळून, तीच मिळते. अशा गाड्यांचे भाव चढत असल्यामुळें ती रक्कम दरवर्षीं तपासून घ्यावी लागते. अपघातांत एखादाच भाग मोडला तर बदललेला भाग तसाच मिळेल कीं कारखान्याचा साधा, हेंही आधींच विचारून घ्यावें.

परंतु घडणावळ सांगितली कीं वर्षाची वर्गणी वाढते. मोठे टर्बोचार्जर सांगूं नयेत, झांकणाखालीं कोण पाहतो, असा विचार पुतण्याच्या मनांत आला व त्यानें आमचें मत विचारलें. आम्हीं त्यास कळविलें कीं, विमा हा विश्वासाचा करार आहे, हें तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं १७६६ सालीं सुमात्रांतील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यांत सांगितलें आहे. ब्रिटनच्या २०१२ च्या कायद्यानें सामान्य ग्राहकाचें ओझें हलकें केलें. विमेवाला जें विचारील त्याचें काळजीपूर्वक खरें उत्तर दिलें म्हणजे पुरे. पण जाणूनबुजून खोटें लिहिलें तर विमा रद्द होऊं शकतो. निष्काळजीपणानें चुकलें तरी, हजार पौंडांऐवजीं सहाशेंच घेतले गेले असल्यास, तीस हजारांच्या दाव्याचे अठरा हजारच हातीं येऊं शकतात.

आमच्या या पांडित्यापेक्षां सूनबाईंचें एक वाक्य अधिक उपयोगी पडलें. त्या म्हणाल्या, "खरें लिहून विमा झेपत नसेल, तर ही गाडीच आपल्याला झेपत नाहीं असें समजावें." पुतण्यानें सर्व खरें लिहिलें. वर्गणी पुष्कळच वाढली, आणि ती भरतां यावी म्हणून त्या वर्षींचा युरोपचा प्रवास रहित झाला.

आपल्याकडे प्रकार निराळा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ रचनेस सोडून फेरफार करण्यास मनाई करतें. म्हणून असा शौक येथें विम्याआधीं कायद्याशींच अडतो. विम्याची किंमतही रूढ कोष्टकानें उतरत जाते: पहिल्या सहा महिन्यांत शेंकडा ५ वजा, तर पांचव्या वर्षीं शेंकडा ५०. पांच वर्षांनंतर मात्र ती उभयतांच्या संमतीनें ठरते. जुन्या गाडीच्या मालकानें या संमतीच्या वेळीं गप्प राहूं नये. वर्गणी थोडी कमी व्हावी म्हणून किंमत पाडून लिहिली, तर नुकसानीच्या दिवशीं तीच पडकी किंमत पदरीं येते.

नुकसान झाल्यावर मनुष्य दुःखाच्या भरांत बोलतो आणि विमेवाला कागद पाहून बोलतो. त्या दिवशीं दोघांचें बोलणें जुळावें असें वाटत असेल, तर वस्तु सुखरूप दारांत उभी असतांनाच तिची सारी घडणावळ लिहून, तिच्या पावत्यांसह ज्याच्या त्याच्या हवालीं करून ठेवावी.