तळ्याकाठचे घर : घेण्यापूर्वी राहून पाहा

साठीच्या आसपास पोचलेल्या मुंबईकराच्या मनात बहुधा एक घर असते. त्याला उतरते कौलारू छप्पर असते, पुढे पडवी असते, पडवीत आरामखुर्ची असते आणि समोर पाणी असते. कांदिवलीत वैद्यकीय व्यवसाय करताना हे घर मी कितीतरी रुग्णांच्या बोलण्यातून पाहिले आहे. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची चिठ्ठी हाती पडली, की उठता उठता प्रश्न येतो, "डॉक्टर, पवनेच्या काठी एक बंगला बघून आलोय. घेऊन टाकू का?"

जागेच्या व्यवहाराचा प्रश्न डॉक्टरला कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु उतारवयात आपण कुठे राहतो यावर आपली प्रकृती पुष्कळ अंशी अवलंबून असते. जिने किती, हवा कशी, औषध कुठे मिळते, रात्री दोन वाजता हाकेला कोण येते, हे सारे घराच्या पत्त्यातच आलेले असते. म्हणून या घराचे गुणदोष, पवनेचेच उदाहरण घेऊन, एकदा शांतपणे पाहू.

कांदिवलीहून पवनेचा जलाशय साधारण सव्वाशे किलोमीटर. पश्चिम द्रुतगती मार्गाने दक्षिणेला यावे, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेला जावे, ऐरोलीचा पूल ओलांडून कळंबोलीला पोचावे आणि तिथून पुण्याचा द्रुतगती मार्ग धरावा. हा मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि लोणावळ्यापलीकडचा मावळ मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला. पहाटे निघाल्यास तीन तासांत पोचता येते. शनिवारी सकाळी आठला निघाल्यास घाटात किती वेळ जाईल, हे सांगणे कठीण. लोणावळ्याहून आत वळले, दुधिवरे खिंड ओलांडली, की पाणी दिसू लागते. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले या परिसराचे राखणदार. त्यांच्यामध्ये पसरलेले ते निळे पाणी प्रथम पाहताना माणूस बोलायचा थांबतो.

या जागेचे गुण मी हातचे राखून सांगणार नाही. लिंक रोडवरच्या मेट्रोचा, महामार्गावरच्या वाहनांचा आणि शेजारच्या पुनर्विकासाच्या खोदकामाचा आवाज वर्षानुवर्षे ऐकलेल्या कानांना इथली शांतता औषधासारखी वाटते. रात्री खराखुरा अंधार असतो, त्यामुळे झोप लवकर येते. धूळ आणि धूर कमी असल्याने हिवाळ्यात कित्येकांचा खोकला उतरतो. सकाळी उन्हात बसणे, झाडांना पाणी घालणे, गावातल्या माणसाशी दोन शब्द बोलणे, यांतून मन हलके होते. नातवंडे चार दिवस मोबाइल विसरून आजोबांच्या मागे मागे फिरतात. हे सुख खरे आहे आणि त्याला मोलही आहे.

पण समोरचे ते पाणी म्हणजे निसर्गाने घातलेले तळे नव्हे. पवना नदीवर बांधलेल्या धरणाचा तो साठा आहे आणि पिंपरी-चिंचवडची तहान प्रामुख्याने त्यावर भागते. नळांना जसजसे पाणी लागते, तसतशी जलाशयाची पातळी उतरते. ऑक्टोबरमध्ये अंगणाच्या टोकाला लागलेले पाणी मे महिन्यात बरेच दूर सरकलेले असते. मध्ये भेगाळलेला गाळ आणि वाळकी काटेरी झुडपे. जागा दाखवणारे आपल्याला बहुधा पावसाळ्यानंतर नेतात. त्यांनी दाखवलेले दृश्य खोटे नसते, परंतु ते बारमाही नसते. या पाण्याखाली गावे गेली आहेत आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके लोंबकळत राहिला. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. तिथे घर घेणाऱ्याने ही हकीकत जाणून असावे. आपण त्या पाण्याचे पाहुणे आहोत, मालक नव्हे.

आता पावसाळा. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही. तरुणांना त्याची मौज वाटते. दमेकऱ्याला आणि जुनाट श्वासविकाराच्या रुग्णाला मात्र ओल सोसत नाही. भिंतींवर बुरशी धरते, गाद्या दमट होतात आणि महिनाभर बंद असलेल्या घराचे दार उघडताच जो वास येतो तोच धाप लागायला पुरेसा ठरतो. वादळी पावसात वीज जाते. ऑक्सिजनचे यंत्र, वाफारा देणारे नेब्युलायझर, झोपेत लावायचा श्वसनाचा मुखवटा, ही साधने विजेवर चालतात. घरात असा रुग्ण असल्यास इन्व्हर्टर ही चैन नसून गरज आहे, आणि त्या यंत्राला तो किती तास पुरतो हे आधी पडताळलेले असावे. न उघडलेले इन्शुलिन शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, तेही ध्यानात घ्यावे.

पाण्याचे आकर्षण घातक ठरू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाहता पाहता प्रवाह वाढला आणि त्यांना काठ गाठता आला नाही. जलाशयाच्या काठी गाळ किती खोल आहे हे वरून कळत नाही. नातवंडांना पाण्याकडे एकटे सोडू नये आणि स्वतःही शेवाळलेल्या उतारावर जाऊ नये.

मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा अंतराचा आहे, आणि ते किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. मिनिटांत मोजावे लागते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात तर जाणारा प्रत्येक क्षण स्नायूंचे नुकसान करीत असतो. कांदिवलीत रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत मोठे रुग्णालय गाठता येते. इमारतीखाली औषधांचे दुकान असते, रक्त तपासायला मुलगा घरी येतो, शेजारचा दरवाजा चार पावलांवर असतो. ही श्रीमंती रोजची असल्याने आपल्या लेखी तिची किंमत नसते. पवनेकाठी रात्री छातीत दुखू लागले, तर आधी वाहन आणि चालक शोधावा लागतो, मग अंधारातला वळणावळणांचा रस्ता, आणि त्यानंतर लोणावळा किंवा तळेगाव. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ही मोठी सोय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही बोलावता येते. तरीही ज्या घरावर आपला डोळा आहे त्या घरापासून सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयापर्यंत एकदा रात्री स्वतः गाडीने जाऊन पाहावे. घड्याळ जे सांगेल ते जागेच्या जाहिरातीत कुठेही छापलेले नसते.

साप हा तिथला शेजारी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. रात्री विजेरीशिवाय अंगणात उतरू नये, जमिनीवर झोपू नये, लाकडांच्या ढिगात हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरीही बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला धीर देत थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष कुठल्या केंद्रात उपलब्ध असते याची चौकशी पहिल्याच भेटीत करून ठेवावी.

घराच्या रचनेकडेही वैद्याच्या नजरेने पाहायला हवे. उतारावरच्या बंगल्यात दर्शनी भागाला पायऱ्याच पायऱ्या असतात आणि उत्तम देखावा वरच्या मजल्यावरून दिसतो. आज पंचावन्नाव्या वर्षी आपण सहज चढतो; पंचाहत्तराव्या वर्षी गुडघे काय म्हणतील? झोपायची खोली आणि स्नानगृह तळमजल्यावर आहे का, कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवता येईल का, ओटीची फरशी पावसात घसरडी होते का, हे आधी पाहावे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की त्यानंतर पूर्वीसारखे चालणे अनेकांना साधत नाही. घर फार दिवस बंद असल्यास टाकी धुऊन घ्यावी, नळ थोडा वेळ वाहू द्यावेत, उंदरांच्या खुणा पाहाव्यात आणि डासांची पैदास होईल असे पाणी साचू देऊ नये.

आता ज्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही, त्या शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. सुट्टीच्या घरात सुट्टी कोणाला मिळते? बहुतेक कुटुंबांत औषधांच्या डब्या, डायपर, पथ्याचे जेवण, अंथरूण-पांघरूण, सारे बांधून नेणारी आणि तिथे पुन्हा मांडणारी एकच व्यक्ती असते. सून, मुलगी किंवा पत्नी. कांदिवलीत तिच्या मदतीला कामवाल्या मावशी असतात, तिथे तीही नसते. घर घेण्याचा निर्णय होण्याआधी तिचे मत विचारावे, आणि सर्वांच्या समोर न विचारता एकटीला विचारावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी तर जागाबदल हाच मोठा धक्का असतो. स्वतःच्या घरात अंधारातही संडासाची वाट सापडणारे आजोबा नव्या घरात संध्याकाळ होताच अस्वस्थ होतात, "घरी चला" म्हणत दाराशी जातात. जवळ पाणी असताना ही अस्वस्थता धोक्याची असते. अशा कुटुंबाने हा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी स्पष्ट सांगते.

पैशाची बाजू मी जाणकारांवर सोपवते, पण एक गोष्ट मला रोज दिसते. आजारपणाला रोख रक्कम लागते आणि घर एका आठवड्यात विकले जात नाही. निवृत्तीची पुंजी विटांमध्ये अडकली, की शस्त्रक्रियेच्या वेळी मुलांपुढे हात पसरावा लागतो. म्हणून उपचारांसाठीची ठेव वेगळी ठेवल्यावर जे उरेल, त्यातच घर बसत असेल तर विचार करावा. त्या घराचा वरखर्चही धरावा : राखणदाराचा पगार, दर पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, रंग, वीज, कर. कागदपत्रांबाबत चार प्रश्न अवश्य विचारावेत. जमीन बिनशेती झाली आहे का? महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. सातबाऱ्यावर नावे कोणाची आहेत आणि आपल्या नावाचा स्वतंत्र हिस्सा असणार आहे का? बांधकामाला परवानगी आहे का आणि ते जलसंपदा विभागाच्या संपादित जमिनीवर तर येत नाही ना? प्रकल्प नवा असल्यास त्याची महारेरात नोंदणी आहे का? हे कागद विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाला न दाखवता आपण निवडलेल्या वकिलाला दाखवावेत.

मग हे घर कोणी घ्यावे? पती-पत्नी दोघांची प्रकृती ठीक आहे, कुटुंबात गाडी चालवणारे निदान दोघे आहेत, उपचारांची तजवीज वेगळी आहे आणि महिन्यातून आठ दिवस खरोखर तिथे राहण्याची इच्छा आहे, त्यांना हे घर दहा-पंधरा वर्षे सुख देईल. ज्यांना डायलिसिस घ्यावे लागते, ज्यांचे हृदय अशक्त आहे, ज्यांना वरचेवर रुग्णालयात दाखल करावे लागते किंवा जे एकटे आहेत, त्यांनी भाड्याच्या चार दिवसांवरच समाधान मानावे.

मोहात असलेल्या सर्वांनाच माझे सांगणे असे, की घेण्यापूर्वी वर्षभर राहून पाहा. पवनेकाठी भाड्याने घरे मिळतात. एकदा जुलैत आठवडाभर राहा, एकदा जानेवारीत आणि एकदा मेमध्ये. जुलै तुमच्या छातीची परीक्षा घेईल, जानेवारी सांध्यांची आणि मे मनाची; कारण पाणी दूर गेलेले असताना, पाहुणे आलेले नसताना, दुपारी चार वाजता पडवीत बसून काय करायचे हा प्रश्न तेव्हाच पडतो. प्रवासाच्या दिवशी लघवीला जावे लागते म्हणून पाणी सुटण्याची गोळी परस्पर टाळू नका. तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. दर तासा-दीड तासाने उतरून पाय मोकळे करा. औषधे आठवड्याच्या हिशेबापेक्षा तीन दिवसांची जास्त घ्या. तीन ऋतूंनंतरही ते घर हवेसे वाटले, आणि घरातल्या सर्वांना वाटले, तर तो निर्णय पक्का समजावा.

दरम्यान, पाणी आणि झाडी यांची ओढ भागवायला आपल्याला सव्वाशे किलोमीटर जावेच लागते असे नाही. कांदिवली पूर्वेच्या टेकड्यांपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहारचे पाणी १८६०पासून मुंबई पिते आहे. तलावांच्या काठी जाण्यास मोकळीक नसली, तरी उद्यानाच्या वाटांवर सकाळी कितीतरी ज्येष्ठ मंडळी फेरी मारतात, बाकावर बसून गप्पा करतात आणि नऊच्या नाश्त्याला घरी असतात. पवनेचा मोह ज्याला आहे त्याने तो जरूर बाळगावा. मात्र रोजच्या सकाळचा तासभर तोवर तहकूब ठेवू नये.