उद्या परीक्षक येणार

संध्याकाळी सात वाजता बसथांब्यापाशी बसून फरशीच्या फटींतलं गवत जुन्या सुरीनं खरवडत होते. इंग्लंडात जुलैचा उजेड नऊपर्यंत हटत नाही, त्यामुळे सुटकाही नाही! ‘ब्रिटन इन ब्लूम’ ही फुलांनी गावं-शहरं सजवायची स्पर्धा १९६४पासून चालू आहे; आमच्या शेजारच्या आजीबाई मात्र घरचंच कार्य असल्यासारखे हुकूम सोडतात. टांगत्या कुंड्यांमधली पिटुनियाची सुकलेली फुलं खुडून बोटं चिकट झाली. साबणानंही जाईना. आईच्या अंगणातली गुलबक्षी कुणी कधी अशी खुडली नाही. पण गावात गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची समिती यायची, तेव्हा आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात चुना मारणारे आम्हीच. आता अकरा वाजलेत, पाऊस लागलाय. सकाळी रस्ताभर पाकळ्यांचा चिखल. झाडू दारातच ठेवलाय.