काटा आणि कान

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या धांदलीत एक पालक आठवीतल्या मुलीचा दाखला घेऊन माझ्या खोलीत आले. चेहरा ओळखीचा वाटला. "सर, मी तुमचाच विद्यार्थी," असे म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि 'ते'चा 'तो' व्हायला वेळ लागला नाही. कामकाज आटोपल्यावर तो म्हणाला, "पोरगी गिटार शिकते, सर. तिला ते चिमट्यासारखं ट्यूनर पाहिजे. कुठलं घ्यावं? तुमच्या घरी तंबोरा आहे, तुम्हाला कळत असेल."

मी सहज विचारले, "तूही गायचास ना रे?"

तो हसला. "ननग हाडाक बरूदिल्री, सर. मी बेसूर. सातवीत तुम्हीच सांगितलं होतं की!"

घरी मराठी आणि गल्लीत कानडी बोलणाऱ्या आमच्या मुलांची ही सवय आहे. मनाला लागलेली गोष्ट ती सहसा दुसऱ्या भाषेत सांगतात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मीही हसलो. पण तो गेल्यावर सही करायचे कागद बराच वेळ तसेच पडून राहिले.

आमचे अमरगोळ हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध आहे. एका अंगाला गंगूबाईंची हुबळी, दुसऱ्या अंगाला मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाड आणि हुबळीच्या पलीकडे सवाई गंधर्वांचे कुंदगोळ. अशा मुलुखात राहून सूर लावायला यंत्र विकत घ्यायचे, म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेण्यासारखेच. तरीही एका रविवारी मी हुबळीला वाद्यांच्या दुकानात गेलो.

ट्यूनर म्हणजे आगपेटीएवढा पडदा आणि त्याला जोडलेला चिमटा. तो गिटारच्या डोक्याला लावायचा. त्याची युक्ती अशी की, तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर टिपतो. आत पीझो जातीचा एक लहानसा तुकडा असतो. तो दाबला-हलला की सूक्ष्म वीज निर्माण होते आणि त्या विजेच्या लहरी मोजून यंत्र स्वर सांगते. त्यामुळे शेजारच्या वर्गात गोंधळ चालू असला तरी त्याचे काही बिघडत नाही.

निवडताना काय पाहावे, हे मला त्या दुकानात उमगले. काही ट्यूनर केवळ गिटारचे असतात. ई, ए, डी, जी, बी, ई या सहा तारांपलीकडे त्यांना जग नसते. घरात सतार, व्हायोलिन किंवा तंबोरा असेल, तर बाराही स्वर ओळखणारा, म्हणजे 'क्रोमॅटिक' घ्यावा. दुसरे, मूळ स्वर सरकवण्याची सोय पाहावी. पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपने, हे प्रमाण १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. पण आपल्या जुन्या पेट्यांना त्या परिषदेचे निमंत्रण नव्हते. साथीची पेटी थोडी चढी किंवा उतरलेली असेल, तर ट्यूनरलाही तिच्याशी जुळवून घेता आले पाहिजे. तिसरे, चिमट्याबरोबर मायक्रोफोनही असावा, कारण पेटीला किंवा बासरीला चिमटा लावून उपयोग होत नाही. शिवाय पडदा उन्हात वाचता यावा, मान फिरावी, चिमट्याला रबर असावे आणि बटणासारखा सेल आपल्या गल्लीतही मिळावा. एवढे पाहून मी दोन ट्यूनर घेतले, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

घरी आल्यावर वडिलांचा मिरजेचा तंबोरा काढला. दांडी रुंद, चिमटा बसेना. शेवटी खुंटीला लावला. पंचमाची तार चटकन जुळली. खर्ज मात्र काट्याला दाद देईना. जवारीमुळे एका तारेतून इतके स्वर उठतात की, बिचारा काटा कुठे उभे राहावे या विवंचनेत पडतो. मध्येच 'सा' सोडून गंधार दाखवतो. तार अगदी हळू, एकेकटी छेडली तेव्हा कुठे तो स्थिरावला.

त्याचा हा गोंधळ मला फार शिकवून गेला. खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार एक नव्हेत. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. पेटीचा, गिटारचा आणि ट्यूनरचाही गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, कारण त्यांनी सप्तकाचे बारा सारखे वाटे केलेले असतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी हा विषय कंपने मोजून मांडला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या कामाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तिच्यामागेही हेच भांडण होते. म्हणजे ट्यूनरचा हिरवा दिवा गिटारपुरता खरा. तिचे पडदेच त्या हिशेबाने ठोकलेले असतात. तंबोऱ्याच्या बाबतीत तो दारापर्यंत पोचवतो, आत आपल्यालाच जावे लागते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रार्थनेची पेटी उघडली आणि मायक्रोफोन चालू केला. आमची प्रार्थना पहिल्यापासून काळी एकमध्ये. काळी एक ठीक होती. तिचा गंधार म्हणजे पांढरी चार. ती दाबली आणि काटा उजवीकडे गेला. २२ सेंट चढी! कोणा दुरुस्ती करणाऱ्याने कधी काळी सुरीचे टोक जास्त घासले असावे. मुळातले १४ आणि वरचे हे २२ मिळून झाले ३६.

मला सातवीचा वर्ग आठवला. नवी नोकरी, नवा उत्साह. प्रार्थनेच्या चमूत तो मुलगा डोळे मिटून गात असे आणि गंधारावर आला की पेटीच्या खाली राहत असे. तीन-चार दिवस ऐकल्यावर सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "बाळ, तुझा गंधार उतरतो. तू बेसूर आहेस, मागे उभा राहा."

तेव्हाही पेटी अशीच होती का, हे आता कोणी सांगू शकणार नाही. कदाचित तो खरोखरच उतरत असेल. पण मी तपासले नव्हते, हे मात्र नक्की. पेटी शाळेच्या पैशांतून आलेली होती आणि मुलगा बारा वर्षांचा होता. दोघांत कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

पुढच्या रविवारी बापलेक घरी आले. मुलीला ट्यूनर दिला, तार खालून वर चढवत आणावी, वरून उतरवली तर ती पुन्हा ढिली पडते, एवढे सांगितले. ती कोपऱ्यात गिटार घेऊन बसली. मी तंबोरा मांडला आणि पेटीची हकिकत त्याला सांगितली. म्हणालो, "चूक माझी असावी रे."

"बिड्रि सर, किती वर्षं झाली त्याला," तो म्हणाला; पण नजर तंबोऱ्यावर होती.

"सा लाव," मी म्हणालो. त्याने आधी माझ्या हातातल्या ट्यूनरकडे पाहिले. मी तो बंद करून खिशात टाकला.

आवाज आधी डळमळला. पंचवीस वर्षे न वापरलेला तो गळा होता. मग हळूहळू बसला आणि न सांगता गंधारापर्यंत जाऊन तिथे थांबला. कोपऱ्यातली गिटार थांबली होती. मुलगी बापाकडे बघत राहिली होती.

दसऱ्यापूर्वी पेटी मिरजेला पाठवून दुरुस्त करून आणली. आता कोणी विचारले तर मी सांगतो, ट्यूनर जरूर घ्या, मायक्रोफोनचा घ्या. आणि मुलाला लावण्याआधी एकदा घरातल्या पेटीला लावून पाहा.