जपणूक कशाची?

जपानमध्ये १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. देवळे, मूर्ती आणि चित्रे यांच्या जोडीने माणसाच्या अंगी असलेल्या कौशल्यालाही त्याने वारसा मानले, हे त्याचे वेगळेपण. नोह नाट्यातला नट, भांडी घडवणारा कुंभार, कापड रंगवणारा रंगारी अशांना तेथे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हटले जाते. त्यांना दरसाल वीस लाख येन मिळतात, आणि आपली विद्या त्यांनी पुढच्या पिढीला द्यावी अशी अपेक्षा असते. इसे येथील शिंतो देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारले जाते. २०१३ साली त्याची बासष्टावी उभारणी झाली. लाकूड नवे असते. जुनी असते ती सुतारांच्या हातातली विद्या.

नंदुरबार जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना हे वाचताना अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी आठवते. एकेकाळच्या मेहवासी संस्थानाचे हे गाव. तेथे उंच बांबूचा दांडा माणसे हातांनीच उभा करतात आणि होळी पहाटे पेटते. नवस फेडणारे पुरुष व्रतस्थ राहतात, जमिनीवर झोपतात, मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात. सकाळी राख उरते. पुढल्या वर्षी सारे पुन्हा पहिल्यापासून. इसेचे देऊळ वीस वर्षांनी नवे होते, काठीची होळी दरवर्षी. मानधन नाही, कायदा नाही. आहे तो नवस.

मग काळजी कसली? असे कोणी विचारील. काळजी शब्दांची आहे. आमच्या वर्गात भिली, पावरी, मावची, देहवाली बोलणारी मुले बसतात. स्नेहसंमेलनात त्यांचा होळीनाच हमखास टाळ्या घेतो. अशाच एका नाचानंतर आम्ही एका विद्यार्थ्याला गाण्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “सर, गाणं आजीला येतं. मला फक्त नाच येतो.”

या एका वाक्यात लोकसाहित्याचा सगळा पेच आहे. नाच डोळ्यांना दिसतो, म्हणून तो मंचावर येतो, मोबाईलमध्ये साठतो. गाणे मात्र भाषेत राहते, आणि ती भाषा महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन थांबते. शहाद्याच्या परिसरातील वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहाने आदिवासी माणसाचा स्वतःचा शब्द मराठी कवितेत आणला. पण असा शब्द उद्या कोणाकडून यायचा, तर तो आज कोणाच्या तरी कानावर पडलेला हवा.

म्हणून लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आम्ही मुलांना एक साधे काम देतो. घरातले एक गाणे गाणाऱ्याच्याच बोलीत उतरवायचे, शब्दांचे अर्थ लिहायचे, गाणाऱ्याचे नाव घालायचे, आणि मग ते तिलाच वाचून दाखवायचे. त्या विद्यार्थ्याच्या आजीने गाणे ऐकले, हसली आणि दोन ओळी बदलून पुन्हा गायली. “आता खरं कोणतं लिहू?” असे त्याने आम्हाला विचारले.

दोन्ही लिही, असे आम्ही सांगितले. संग्राहक एक पाठ निश्चित करतो. गाणारी मात्र प्रत्येक वेळी गाणे नव्याने उभे करते. जपानच्या कायद्याला हे उमगले होते, म्हणून त्याने वस्तूबरोबर माणूसही जपला. आमच्या हाती कायदा नाही, येनही नाहीत. आठवड्याच्या चार तासिका आहेत, आणि त्यांतली एक आजीच्या भाषेला देता येते.