मुळे धरेपर्यंत

सरकारी नोकराने झाडे लावू नयेत, असे माझे पुष्कळ दिवस मत होते. आधीच्या बिऱ्हाडकरूच्या तुळशीला आपण पाणी घालायचे आणि आपली जास्वंद पुढच्याच्या स्वाधीन करून निघायचे, हा आपणा बदलीवाल्यांचा अलिखित नियमच आहे. अशा मनुष्याने काचेची पेटी आणून पाण्यात बाग लावायला घेतली, ती हौसेने नव्हे, अपराधी मनाने.

गतवर्षी बढती स्वीकारून मी पुण्याहून कोलकात्यास आलो. ती नाकारता आली असती. मी नाकारली नाही. आठ वर्षांच्या मुलीला मात्र कोणी काही विचारले नव्हते. नव्या शाळेत ती मुकी झाली आणि घरीही विचारल्यापुरतीच बोलू लागली. एका रविवारी तिला बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवरील बाजारात नेले. रोपे, पक्षी आणि मासे यांच्या त्या गर्दीत ती एका काचपेटीपुढे थबकली आणि कित्येक दिवसांनी आपण होऊन म्हणाली, "बाबा, यातली झाडं खरी आहेत?" त्या एका प्रश्नापायी मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घरी आणली.

पाण्यातली बाग ही जमिनीवरच्या बागेहून अधिक शिस्तीची असते. रेती धुता धुता दोन रविवार गेले. धुतलेले पाणी नितळ दिसेपर्यंत थांबायचे नाही. मग मागे उंच आणि पुढे उतरता असा दोन-अडीच इंचांचा थर. मागच्या बाजूस व्हॅलिस्नेरियाच्या हिरव्या फिती लावल्या. मुळे रेतीत, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा रेतीवर. जावा फर्नचे तर याहून वेगळे. त्याचे आडवे खोड रेतीत पुरले की कुजते. म्हणून ते लाकडाला सुती दोऱ्याने बांधायचे. दोरा कुजून गळेपर्यंत झाडाने स्वतःच लाकूड धरलेले असते. ते लाकूड आठवडाभर बादलीत भिजत होते आणि रोज पाण्याला चहाचा रंग येत होता. "एवढ्यात पाहुण्यांचा चहा झाला असता," असा शेरा घरातून आलाच. मधल्या जागेत क्रिप्टोकोरीनची सहा रोपे लावली.

सजावटीची वेळ आली तेव्हा मुलीने एक पत्र्याची डबी आणून माझ्यापुढे ठेवली. गुहागरच्या किनाऱ्यावर आजीबरोबर वेचलेले शिंपले होते ते. आजी आता नाही. मी एका शिंपल्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, बुडबुडे उठले. शिंपले चुन्याचे असतात, पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात, असे मी तिला समजावले. कचेरीतल्या टिपणीसारखी कारणे देऊन मी तिचा अर्ज नामंजूर केला. तिने वाद घातला नाही. डबी मिटली, आणि तिच्याबरोबर तीही.

दहाव्या दिवशी क्रिप्टोकोरीनची पाने उकडलेल्या पालकासारखी होऊन विरघळू लागली. ती काचेला नाक लावून म्हणाली, "यांनाही इथलं पाणी आवडलं नाही." माझ्याने काही बोलवेना. रोपे उपटायला हात घातला तोच विक्रेत्याचे शब्द आठवले: पाने गेली तरी मुळांना हात लावू नका. जागा बदलली की हे झाड जुन्या पाण्यात वाढलेली पाने टाकते आणि नव्या पाण्याला मानवतील अशी पाने मुळांतून पुन्हा काढते. तेवढे मी तिला सांगितले. सांगताना वाटले, झाडाला धीर धरायला सांगणे सोपे. पण ज्याने उपटून आणले त्यानेच ते सांगावे काय?

मासे आणायलाही अवकाश होता. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे. म्हणून आम्ही दोघे रोज संध्याकाळी पाणी, रेती आणि सहा बोडकी रोपे पाहत बसत असू. चौथ्या आठवड्यात एका रोपातून तांबूस, सुरळी केलेले पान वर आले. ते तिला आधी दिसले; ती ओरडलीच! ते पाहायला मी वाकलो, तेव्हा लाकडामागे एक शिंपला दिसला. एकच. पन्नास लिटर पाण्याचे एका शिंपल्याने फारसे काही बिघडत नाही. मी पाहिले न पाहिलेसे केले.

परवा तिच्या वर्गातली एक मुलगी पेटी पाहायला आली. आता तीत सहा छोटे मासे आहेत. ते सोडून पाहुणीचे बोट नेमके शिंपल्याकडे गेले. आमची कन्या मोडक्या बंगालीत म्हणाली, "ओटा आमार ठाकुमार." तो माझ्या आजीचा आहे.

ती बोलकी झाली, असे मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा हुकूम येईल. पेटी येथेच कोणाला तरी द्यावी लागेल. रोपे मात्र ओल्या कागदात गुंडाळून नेता येतात. पाने तेव्हाही गळतील. पण या वेळी निघण्यापूर्वी मी तिला विचारीन.